नातीवर पहारा ठेवायला तळकोकणात

आमच्या घरातली एक मुलगी डॉक्टर होणार हे कळलं आणि सगळ्या नातेवाइकांना एकदम आजार झाले. त्याआधी सगळे धडधाकट होते. लग्नाच्या पंगतीत मी त्यांना जेवताना बघितलेलं आहे.

मुलगी म्हणजे माझी नात ऋतुजा. बारावीनंतरची ती मोठी परीक्षा तिनं दिली, मार्क चांगले पडले आणि सरकारी मेडिकल कॉलेजांच्या पहिल्या यादीत नाव लागलं ते तळकोकणात. आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरला. आमच्या शहरातही सरकारी कॉलेज आहे, जुनं, मोठं, घरून रिक्षानं जाण्यासारखं. ते थोडक्यात हुकलं. क्लासचे सर म्हणाले, घाबरू नका, दुसऱ्या यादीत घराजवळचं नक्की मिळतंय. फक्त आधी कोकणात जाऊन कागद जमा करायचे आणि आमचं नाव दुसऱ्या यादीसाठी राहू द्या असं तिथं सांगायचं. त्याऐवजी ‘हीच जागा ठेवते’ म्हणून सही केली की विषय संपला. मग शिक्षण होईपर्यंत कोकण.

आता बरोबर जायचं कुणी. माझा मुलगा सुभाष वाळूजला कंपनीत आहे. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता, पण त्याच्या सुपरवायझरला तो तसा वाटला नाही. सून मंगल बसच्या पहिल्या वळणाला ओकते, आणि कोकणात वळणांशिवाय रस्ताच नाही म्हणतात. राहिले मी.

सुभाष मला बाजूला घेऊन म्हणाला, “आई, तू नुसतं लक्ष ठेव. तिथली झाडंबिडं बघून पोरीचं मन फिरलं तर सही करून बसल.”

म्हणजे मला पोलिस म्हणून पाठवलं. मी आमच्या गावी, पाचोडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पण पहारा द्यायला तेवढं पुरतं. शिवाय मलाही घराजवळचंच पाहिजे होतं, ते लपवून काय करू? दवाखान्यात आपलं माणूस असलं की बसायला स्टूल मिळतं. बाकीच्यांना भिंत मिळते.

आमच्या गल्लीतल्या बायका तिकडं कधी गेलेल्या नाहीत आणि मी आल्यापासून रोज एकेक जण येऊन तेच तेच विचारते. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आंबोलीचा घाट

पुण्यापर्यंत आणि पुढं कोल्हापूरपर्यंतचा प्रवास सांगत नाही. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही केला त्यांचं काही नुकसान झालेलं नाही.

कोल्हापूरच्या पुढं मात्र डोळे उघडे ठेवावेत असा मुलूख आहे. हिरवं किती असावं याला काही मर्यादा. आमच्याकडं रानात एक लिंब उभा असला की त्याच्याखाली गाव बसतं. इथं झाडाखाली झाड, त्याच्याखाली अजून झाड, आणि खाली बसायला माणूसच नाही. घाटात धुकं इतकं होतं की ड्रायव्हर सवयीनं गाडी चालवत असावा. बाकीची माणसं खिडकीतून मोबाईल बाहेर काढून धुक्याचे फोटो काढत होती. पांढऱ्या भिंतीचा घरी काढला असता तरी असाच आला असता.

ऋतुजानं यातलं काहीच बघितलं नाही. ती फोनवर होती.

ही पोरगी स्वभावानं गरीब. ‘नाही’ हा शब्द तिला लहानपणापासून येतच नाही. कुणी पाणी मागितलं, हो. कुणी वही मागितली, हो. मावसबहिणीनं नवा ड्रेस मागितला, हो, आणि आमची ही जुन्या ड्रेसवर लग्नाला. त्यामुळं यादी लागल्यापासून लोक तिच्या फोनवर औषधाच्या गोळ्यांचे, गळवांचे, रक्ताच्या रिपोर्टांचे फोटो पाठवत होते. एका पाहुण्यानं म्हशीच्या कासेचा फोटो पाठवला. त्यालाही तिनं ‘बघते’ असं उत्तर दिलं. पोरगी बारावी पास. तिनं बेडूकसुद्धा पुस्तकातच कापलेला बघितलेला.

घाटात फोन आला तो माझ्या लेकीचा, शोभाचा. ती गंगापूरला दिलेली. तिच्या सासूला, म्हणजे तिच्या आत्याबाईला, साखरेचा त्रास.

“रुतू, तू बुधवारपर्यंत येती ना?” फोनमधून शोभाचा आवाज मलाही ऐकू येत होता. तिचा आवाज फोनशिवायही गंगापुरातून ऐकू येतो. “मग गुरुवारी इकडं ये. आत्याबाईला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. तू संगं असली म्हंजी लाइनीत उभं नाय राहावं लागणार.”

“हो आत्या,” ऋतुजा म्हणाली.

“कॉलेजचं सांग तिथं. मेडिकलची स्टुडंट हाय म्हण.”

“हो आत्या.”

फोन ठेवला आणि लगेच पाचोडहून नानांचा आला. नाना म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्या ओळखीत एकाला हर्निया होता, एकीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढायचा होता, आणि हे सगळं मिळून एका जीपमध्ये बसेल असं त्यांचं म्हणणं पडलं. तुझं इकडं पक्कं झालं की सोमवार सोमवार आणत जाऊ, म्हणाले. आठवडी बाजारासारखं.

“हो नाना,” ऋतुजा म्हणाली.

घाट उतरला तेव्हा ती डोकं खिडकीला टेकून बसली होती. मी विचारलं, मळमळतंय का. म्हणाली, नाही. ‘नाही’ येतं म्हणजे, फक्त चुकीच्या ठिकाणी.

कॉलेजसमोरचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तिथले लोक उगाच नाराज व्हायचे. गाव चांगलं आहे. फक्त आहे कुठं ते लवकर सापडत नाही. आमच्याकडं गाव म्हणजे एकाला चिकटून एक घरं, याच्या घरातली फोडणी त्याच्या घरात. इथं एक घर या टेकाडावर, दुसरं त्या टेकाडावर, मधे नारळ, आणि या सगळ्याला मिळून एक नाव. भांडायचं झालं तर किती चालावं लागत असेल याचा मी विचार केला.

कॉलेज नवीन. मागची इमारत अजून बांधत होते. समोर मालतीबाई नावाच्या एका बाईची खानावळ होती आणि मागं तिच्या दोन खोल्या भाड्यानं मिळायच्या. आम्ही तिथंच उतरलो.

“खंयसून इलात?” तिनं विचारलं. कुठून आलात, असं.

“संभाजीनगरहून.”

“अगो बाय, लांबसून इलात. थंय अजिंठा-वेरूळ ना? रोज बघतात काय तुमी?”

मी म्हटलं, रोज पाण्याचा टँकर बघतो.

ते तिला कळलं नाही. कळलं दुसऱ्या दिवशी. सकाळी उठून मी न्हाणीतल्या बादल्या भरल्या, मग तांब्या भरला, मग कोपऱ्यातली दोन घमेली भरली, आणि एक पातेलं सापडलं तेही भरलं. मालतीबाई आली, दारात उभी राहिली आणि काळजीनं म्हणाली, “पाणी जातला काय आज?”

मी म्हटलं, आलंय म्हणून भरलं.

तिनं मला मागच्या दारी नेऊन विहीर दाखवली. काठोकाठ पाणी, हातानं घ्यावं असं. बाजूला ओढा, तोही भरून. आमच्या शहरात नळाला पाणी यायचा वार असतो, त्या दिवशी बायका पाहुण्याकडं जात नाहीत, मयतीला जायचं असलं तरी आधी टाकी भरतात. हे सगळं तिला कुठं समजावत बसू? ऋतुजा मात्र हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती, म्हणून मी घमेली तशीच भरलेली राहू दिली.

खाण्याचं सांगते. सकाळी घावणे, म्हणजे तांदळाची पातळ धिरडी. दुपारी भात. रात्री भात. मधे विचारतात, थोडा भात देऊ? मासे मी खात नाही, ऋतुजानं खाल्ले, आणि काट्यासकट खायची तयारी दाखवली. मला त्या बाईनं काळ्या वाटाण्याची आमटी दिली. चांगली होती, पण तिखट म्हणून जे काही घातलं होतं त्याला आमच्याकडं रंग म्हणतात. मी बरोबर नेलेला ठेचा बाहेर काढला. तिच्या नवऱ्यानं कौतुकानं बोटभर खाल्ला आणि मग तो बराच वेळ विहिरीकडं होता.

संध्याकाळी समुद्रही बघून आलो. पाणी भरपूर आहे आणि एक घोट पिता येत नाही. आमच्याकडं निदान अशी फसवणूक नाही. नळाला पाणी नसलं की नळ स्वतःच सूं करून सांगतो.

परत येताना मी पडले. तिथं दगड तांबडे आणि त्यावर शेवाळ, पायरी कुठली आणि साबण कुठला ते कळत नाही. मालतीबाईच्या अंगणात, दहा माणसांदेखत, मी बसले ती थेट पायरीखाली. ऋतुजा धावत आली, पांढरीफटक पडली आणि म्हणाली, “आज्जी, डॉक्टरला बोलवू का?”

मी म्हटलं, “बोलव. तोपर्यंत तू कोण हाईस ते मला सांग.”

काही मोडलं नव्हतं. मालतीबाईनं खोबरेल तेल कोमट करून कंबरेला चोळलं आणि चोळता चोळता तिची मुलगी निघाली बोलण्यात. मुलगी डॉक्टरीच शिकते. मी विचारलं, मग समोरच कॉलेज आहे, दिसली नाही कुठं.

“आमचा चेडू लातूराक आसा,” ती म्हणाली.

चेडू म्हणजे मुलगी. समोर कॉलेज, आणि पोरगी पाठवली लातूरला, जिथं हिच्या घरातलं कुणी आयुष्यात गेलं नव्हतं. मी कारण विचारलं.

“हयसर रवला असता तर सगळी वाडी माझ्या खळ्यात येऊन बसली असती. कोणाचो ताप, कोणाचो खोकलो. पोरानं अभ्यास कधी करूचो?”

खळं म्हणजे अंगण. मी तिथंच, कंबरेला तेल लावलेली, उठून बसले. आता बघा, ही गोष्ट मला पाचोडात कुणी सांगितली असती तर मी ऐकली नसती. पण दोनशे कोस लांबची बाई, जिची भाषा अर्धी कळते, तीही तेच म्हणते म्हटल्यावर पटलं. सोमवारची जीप माझ्या डोळ्यांपुढं आली. जीपमध्ये हर्निया, डोळे, शोभाची सासू, आणि मधे आमची ही, हो नाना, हो आत्या करत. पहिल्या वर्षाला नापास होईल आणि मग तेच सगळे म्हणतील, पोरीला झेपलं नाही.

रात्रीचा भात खायच्या आधीच माझं ठरलं होतं. पोरगी इथंच ठेवायची. तिला मी काही बोलले नाही. बोलायचं काय होतं? मी म्हणाले की ती हो म्हणणार.

कचेरीत

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद घेऊन कॉलेजच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून तरुण होता आणि त्याची भाषा पुस्तकातली होती, त्यामुळं सोय झाली. त्यानं एकेक कागद बघितला, शिक्के मारले आणि शेवटी विचारलं, “हीच जागा ठेवताय, की दुसऱ्या यादीत नाव राहू द्यायचं? नीट सांगा, सहीनंतर बदलत नाही.”

“हीच ठेवती,” मी म्हटलं. “कुठं करायची सही?”

“नाही,” ऋतुजा म्हणाली.

कारकून पेन पुढं करून थांबला. मला वाटलं ती मला कळलंय का ते बघतेय, म्हणून मी पुन्हा समजावून सांगितलं, “अगं, तुझ्या बापानं सांगितलेलं मी विसरलेली नाय. मीच म्हणती, इथं राहा.”

“कळलं मला, आज्जी. नाही म्हणते मी.”

“तुम्ही दोघी बाहेर बसून ठरवा,” कारकून म्हणाला आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. मी कंबर सांभाळत बसले. मला राग आला होता. अठरा वर्षं ही पोरगी सगळ्या जगाला हो म्हणाली आणि पहिला नकार दिला तो मला, तोही परक्या कारकुनासमोर.

“काहून नको?” मी म्हटलं. “समुद्र हाय, पाणी हाय, मासे हायेत. कुणी पाहुणा इथं यायचा नाय.”

“मालतीकाकू काल अर्धंच बोलल्या तुझ्याजवळ. तू झोपल्यावर मी भांडी विसळायला गेले होते, तेव्हा पुढचं सांगितलं. त्यांच्या मुलीला लांब पाठवून काही झालं नाही. वाडीतले लोक लातूरला फोन करतात. मुंबईला गेलेले मुंबईहून करतात. फोटो पाठवतात. ती तिकडं रात्री त्यांची उत्तरं देत बसते.”

मला घाट आठवला. धुक्यात, जिथं झाडंसुद्धा दिसत नव्हती, तिथं शोभाला आमची पोरगी बरोबर सापडली होती.

“आणि खरं सांगू?” ऋतुजा म्हणाली. “आपलं कॉलेज मोठं आहे. तिथं आख्ख्या मराठवाड्यातून पेशंट येतात. डॉक्टर पेशंट बघूनच शिकतो. नानांना घाबरून मी ते का सोडू?”

“मग नानांना काय सांगशील?”

“नाही म्हणेन.”

मी हसले. जरा वाईटच हसले. “तुला म्हणता येत नाय ते. मला म्हणाली, त्यात काय मोठं. मी म्हातारी, कंबर धरून बसलेली. शोभाला म्हण. आत्ता.”

मग तिनं फोन काढला. दोनदा ठेवला, तिसऱ्यांदा लावला.

“आत्या, मी गुरुवारी येणार नाही.”

पुढचं मला सगळं ऐकू आलं. “काहून? बरी हाईस ना?”

“बरी आहे. आत्याबाईंना दवाखान्यात न्यायला येणार नाही. मला तिथलं काहीच माहीत नाही आत्या. मी अजून डॉक्टर नाही. तू घेऊन जा, रांग आहे तिथं.”

“अगं पण तू व्हय म्हणाली व्हती.”

“चुकून म्हणाले.”

मग आलं. “वा वा. अजून कॉलेजात पाय ठेवला नाय तं एवढं? पुढं तं आमाला दारात उभं नाय करायची तू. कुणी शिकवलं हे? आई हाय का तिथं? दे फोन.”

ऋतुजानं फोन माझ्याकडं धरला. मी हात मागं घेतला. ज्याचं त्यानं निस्तरावं.

“आज्जी बोलणार नाही,” ती फोनमध्ये म्हणाली. “आणि मी गोळ्यांचे फोटो बघणार नाही आता, आत्या. मला कळत नाही त्यातलं. आजवर तुला जे सांगितलं ते गुगलवर बघून सांगितलं.”

फोन तिकडून बंद झाला. मग ऋतुजा रडली. मी अडवलं नाही आणि डोक्यावरून हातही फिरवला नाही. पहिल्यांदा भाकरी तव्यावर टाकतानाही हात भाजतो, त्याला कुणी फुंकर घालत बसत नाही. रडून झाल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं, आत गेली आणि दुसऱ्या यादीसाठी नाव राहू द्या म्हणून सही करून आली. मी दारातून बघत होते. पोलिसाचं काम तेवढंच उरलं होतं.

परत

मालतीबाईनं निघताना कोकमं दिली, नारळ दिले आणि लातूरला कधी गेलात तर पोरीला भेटून या म्हणाली. मी विचारलं, काही दुखणं घेऊन जायचं की नुसतं? ती हसली, पण पत्ता काही तिनं दिला नाही. शहाणी बाई.

दुसरी यादी लागली. क्लासचे सर बरोबर निघाले, घराजवळचं मिळालं. सुभाषनं पेढे आणले आणि आल्यागेल्यांना सांगत सुटला, “आई संगं गेली म्हणून झालं हे. पोरीला हलू दिलं नाय तिनं.” मी पेढा खात होते, तोंड भरलेलं होतं, म्हणून काही बोलता आलं नाही.

शोभा आली नाही. तिचा पेढा नवऱ्याबरोबर पाठवला. नाना मात्र पाचोडहून स्वतः आले, शाल घेऊन, नारळ घेऊन. ऋतुजाचा सत्कार केला, फोटो काढला. मग पेढा तोंडात ठेवून खुर्चीत ऐसपैस बसले.

“तं बाळा, सोमवारी आणतो त्या दोघांना,” ते म्हणाले. “तू फाटकावर उभी राहा फक्त. पुढचं तू बघ.”

सुभाष हसत माझ्याकडं बघत होता. मंगल आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली.

“नाना, मी सोमवारी वर्गात असेन,” ऋतुजा म्हणाली. “फाटकावर येणार नाही. केसपेपर खिडकीवर मिळतो, तुम्ही सकाळी लवकर या.”

वाक्य तिनं पूर्ण केलं. सुभाषचं हसू तोंडावरच राहिलं. नानांनी पेढा गिळला, ग्लास तसाच हातात धरला आणि माझ्याकडं वळले.

“वहिनी, पोरगी काय म्हणती?”

“खिडकी सकाळी उघडती म्हणती, भावजी,” मी म्हटलं. “संगं आधार कार्ड आणा.”